भाड्याने द्यायचं घर कुठे घ्यायचं?

बाईच्या हातात चार पैसे आले की सल्ला द्यायला चार माणसं हजर होतात. एक म्हणतं सोनं घे, दुसरं म्हणतं एफडी कर, तिसरा पॉलिसीचे कागद घेऊनच येतो. आणि हल्ली सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा चौथा म्हणतो, ‘फ्लॅट घेऊन टाका, बसल्या जागी भाडं येईल.’ हे ‘बसल्या जागी’ प्रकरण नेमकं काय असतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी पुण्यातल्या एका महिला सल्ला केंद्रात आठवड्यातले तीन दिवस बसते. तिथे येणाऱ्या बायकांचे प्रश्न नवऱ्याचे, सासूचे, मुलांचे असतील असं बाहेरच्यांना वाटतं. असतातही. पण जरा खोलात गेलं की कितीतरी जणींच्या बाबतीत खाली घरच निघतं. कुणाच्या नावावर आहे, कुणाच्या पैशातून घेतलं, त्याचं भाडं कुणाच्या खात्यात जातं. म्हणून हा विषय निव्वळ गुंतवणुकीचा आहे असं मला वाटत नाही.

आमच्या सासऱ्यांच्या पिढीत भाडेकरू ठेवणं म्हणजे घर घालवणं, असा पक्का समज होता आणि तो उगाच नव्हता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वाड्यांची भाडी जिथल्या तिथे गोठली. पेठेतल्या दोन खोल्यांचं भाडं महिना पंधरा-वीस रुपये आणि पावसाळ्यात कौलं मात्र मालकाने बदलायची! त्या धसक्याने लोकांनी रिकाम्या खोल्यांना कुलपं घातली, पण कुणाला दिल्या नाहीत. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आता आपण घर देतो ते लिव्ह अँड लायसन्सवर. मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने पैसे वसूल करता येतात. मात्र करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि तो नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू’ हे महाराष्ट्रात चालत नाही. करार नोंदवलेला नसेल आणि उद्या भांडण झालं, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी खऱ्या धरल्या जातात. खर्च म्हणाल तर फार नाही. मुद्रांक शुल्क साधारण एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. तेवढ्यासाठी लोक का कंटाळा करतात, देव जाणे.

तर भीतीचं कारण आता बरंचसं गेलं आहे. हिशेबाचं मात्र जायचं आहे.

माझ्या मोठ्या नणंदबाईंच्या बाबतीत हा सगळा हिशेब आम्ही वहीत मांडला. ताई एकसष्ट वर्षांच्या. कोथरूडला स्वतःचं घर, मुलगा परदेशात. यजमान गेल्यावर फंड, ग्रॅच्युइटी, विमा असे मिळून ऐंशी लाखांच्या आसपास आले. पेन्शन नाही. म्हणजे जे काही आहे ते एवढंच, आणि ते हयातभर पुरवायचं. ताईंच्या पुतण्याने वाघोलीपुढच्या एका प्रकल्पाचं चकचकीत पुस्तक आणून दिलं होतं. दोन बेडरूम, पोहण्याचा तलाव, ताबा तीन वर्षांनी. ‘काकू, तिकडे मेट्रो येणार, रिंगरोड येणार, दुप्पट होतील बघा.’

ताई मला म्हणाल्या, “वहिनी, दुप्पट होईल तेव्हा होईल. मला दर महिन्याला किराणा भरायचाय.”

मला वाटतं, भाड्यासाठी घर घेणाऱ्या बाईने सगळ्यात आधी हेच ठरवायला हवं. किंमत वाढून विकण्यासाठी घ्यायचं घर आणि महिन्याच्या भाड्यासाठी घ्यायचं घर ही दोन वेगळी घरं असतात. वेगळ्या भागात असतात, वेगळ्या आकाराची असतात. एकाच घराने दोन्ही करावं असं आपल्याला वाटतं आणि बिल्डरच्या पुस्तकात तसंच छापलेलं असतं.

आता वहीतला हिशेब. समजा, जुन्या इमारतीतला एका बेडरूमचा फ्लॅट ४२ लाखांना मिळाला. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. ही सवलत एप्रिल २०२१ पासून आहे. आधी त्यात अशी अट होती की पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली, हे लक्षात ठेवा. तर शुल्काचे २ लाख ५२ हजार, नोंदणीचे ३० हजार, एजंटचे ४२ हजार, रंग-नळ-वायरिंग सव्वा लाख. साडेशेहेचाळीस लाख झाले. भाडं समजा १५ हजार. वर्षातला एक महिना घर रिकामं जातं असं धरायचंच, म्हणजे हातात १ लाख ६५ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, ना-वहिवाट शुल्क, महापालिकेचा कर, एजंट, किरकोळ दुरुस्त्या असे पंचेचाळीस हजार वजा केले. राहिले १ लाख २० हजार. म्हणजे अडीच टक्क्यांच्या थोडं वर.

ताईंनी चष्मा काढून ठेवला. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ मध्ये व्याजाचा दर ८.२ टक्के झाला आणि ठेवीची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. तीस लाखांवर त्या दराने तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतात, आणि नळही गळत नाही!

मग घर घ्यायचंच कशाला? घ्यायचं, कारण व्याज आहे तिथेच राहतं आणि भाडं महागाईबरोबर थोडंथोडं वर सरकतं, घराची किंमतही. शिवाय भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा भरलेला कर आणि मग सरसकट तीस टक्के वजा करूनच उरलेल्यावर प्राप्तिकर लागतो. व्याजाला तशी वजावट नाही. ताईंनी तीस लाख पोस्टात टाकले, थोडे हाताशी ठेवले आणि उरलेल्यातून बसेल तेवढंच घर शोधायचं ठरवलं. कर्ज अजिबात नाही. तरुण मैत्रिणी कर्ज काढून दुसरं घर घेतात, त्यांनी एवढंच पाहावं. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता २६ हजार. भाडं पंधरा हजार. वरचे अकरा हजार दर महिन्याला आपल्याच पगारातून जाणार. २०२० च्या टाळेबंदीत आयटीतली मुलं आपापल्या गावी निघून गेली. हिंजवडीकडचे फ्लॅट महिनोन्महिने रिकामे पडले, हप्ते मात्र चालू राहिले. एकाच प्रकारच्या नोकरीवर उभा असलेला भाग एकदम भरतो आणि एकदम रिकामा होतो.

कुठे घ्यायचं, याचं उत्तर शोधायला आम्ही दोघी उन्हाळ्यात फिरलो. वाघोलीलाही गेलो, पुतण्याला वाईट नको वाटायला. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. पण नळाचं पाणी गावाबरोबर लगेच हद्दीत येत नाही, टँकर येतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आणि मेंटेनन्स आपल्या भाड्यातून. नवीन भागात घर बघायचं असेल तर मे महिन्यातच जा, आणि सॅम्पल फ्लॅट सोडून गेटपाशी उभ्या राहा. दर तासाला किती टँकर आत जातात ते मोजा. दुसरं, संध्याकाळी आठ वाजता खालून वर बघा, किती खिडक्यांत दिवे आहेत. गॅलऱ्यांत दोऱ्यांवर कपडे आहेत का? नसतील तर तुमच्यासारखेच भाडेकरूची वाट पाहणारे मालक तिथे भरपूर आहेत. भाव पाडून द्यावं लागेल. तिसरं, जवळच्या इस्त्रीवाल्याशी बोला. कोणत्या इमारतीत नोकरदार राहतात, कोण दर सहा महिन्यांनी बदलतं, कुठे पाणी येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

‘येणार’ या शब्दाचं म्हणाल, तर पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ मधली. वनाझपासून गरवारे कॉलेजपर्यंतचा तुकडा धावला मार्च २०२२ मध्ये, रामवाडीपर्यंत गाडी गेली मार्च २०२४ मध्ये. मेट्रो आली हे खरंच आहे. पण तेवढी वर्षं थांबायला साठी ओलांडलेल्या बाईला सांगायचं? धावत्या स्टेशनाजवळ जुनं घर घ्यावं, नकाशातल्या स्टेशनाजवळ नवं नको, असं आपलं माझं मत. शिवाय अपूर्ण बांधकामावर जीएसटी आहे, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर नाही. नवंच घ्यायचं असेल तर महारेराच्या नोंदणीत त्या प्रकल्पाची ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेली, तेवढं तरी वाचा.

आमच्या बचत गटातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनाही हे वेड लागलंय. त्यांचं प्रकरण जास्त जिवाचं. शहराबाहेर अर्धा गुंठा घ्यायचा, तीन पत्र्याच्या खोल्या काढायच्या, कंपन्यांतल्या कामगारांना द्यायच्या. भाडं येतंही, आपल्या फ्लॅटपेक्षा टक्केवारीत जास्त येतं. पण कागद बघायला मागितला की प्लास्टिकच्या पिशवीतून नोटरीचा स्टॅम्पपेपर निघतो. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, तर ती जागा तुमची झालीच नाही. बारा वर्षं दुसऱ्यांची भांडी घासून साठवलेले सहा लाख अशा पिशवीत मी पाहिलेत. आता कुणीही टोकन द्यायच्या आधी कागद केंद्रात आणून दाखवायचे, असा आम्ही गटात नियमच केलाय.

ताईंना शेवटी कर्वेनगरला घर मिळालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून स्वस्त. भाड्याने राहणाऱ्या विशी-पंचविशीतल्यांना तीन जिने म्हणजे काही नाही. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा परिसर तिथे, मुलींची कॉलेजं, बसची सोय, भाजी-खानावळी पायाखाली. शिकणारे, शिकवणारे, नोकरी करणारे असे वेगवेगळे भाडेकरू तिथे येतात, एक गेला तर दुसरा येतो. आणि ताईंच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. हे फार महत्त्वाचं. रात्री गीझर गळायला लागला की भाडेकरू मालकिणीला फोन करतो, पुतण्याला नाही. मात्र जुन्या इमारतीत जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का, मागच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी पूर्ण आहे का, हे वकिलाकडून तपासून घेतलं. एक खर्च कुणीच आधी सांगितला नव्हता. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही.

नावाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. ‘माझ्या नावावर एक फ्लॅट आहे’ असं सांगणाऱ्या, पण तो कोणत्या मजल्यावर आहे ते न सांगता येणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. सह्या त्यांच्या, किल्ली दुसऱ्याची, भाडं तिसऱ्याच्या खात्यात. नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावे घर घेतलं तर भाडं कराच्या दृष्टीने त्याच्याच उत्पन्नात धरतात, ते वेगळं. पण स्वतःच्या पैशातून, माहेरच्या पैशातून घेतलेलं असेल तर भाडेकरार तुमच्या सहीने आणि भाडं तुमच्या खात्यात, यात लाजायचं काही नाही. इंडेक्स टूची प्रत स्वतःच्या कपाटात ठेवा.

आणि भाडेकरू. केंद्रातर्फे मी एकट्या बायकांसाठी किती दारं वाजवली असतील! नवरा नाही? मग नको. नर्स आहे, रात्रपाळी असते? नको. आडनाव ऐकून ‘कालच दिली हो जागा’ असं सांगणारे तर विचारूच नका. दार उघडून नकार देणाऱ्या बहुतेक वेळा आपल्यासारख्या साड्या नेसलेल्या, आपल्याच वयाच्या बायका असतात.

ताईंनी घर दिलं दोन मुलींना. एक हॉस्पिटलमध्ये नर्स, दुसरी शिकवते. करार नोंदवला, पोलिसांकडे माहिती दिली, प्रत घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, “आमच्याकडे फॅमिलीच ठेवतो आम्ही. आणि ना-वहिवाट शुल्क महिना हजार.”

ताईंनी पिशवीतून मेंटेनन्सचं बिल काढलं. “सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, भाऊ. २००१ चा सरकारी आदेश आहे. आणि घर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. ते कळवायलाच आलेय.”

त्यांनी बिल उलटसुलट पाहिलं आणि पोच म्हणून प्रतीवर सही करून दिली. जिना उतरताना ताई म्हणाल्या, “वहिनी, वरच्या मोरीचा नळ आज बदलूनच जाऊ.”