कुंडीतील जिरेनियमची निगा

बेळगावच्या पावसात जिरेनियम का दगावते, असे पुष्कळ भगिनी विचारतात. आमचीही सारी रोपे एका आषाढात कुजली, तेव्हा आम्ही कारण शोधले. थंडी सोसणारे खरे जिरेनियम युरोपात व हिमालयात होते. कुंडीतले आपले ‘जिरेनियम’ म्हणजे वस्तुतः दक्षिण आफ्रिकेतील पेलार्गोनियम. १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची प्रजाती निराळी केली. त्यास निथळणारी जमीन मानवते. साचल्या ओलाव्याने मुळे कुजतात. यास्तव पावसाळ्यात कुंडी पडवीत ठेवावी व वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. दसऱ्यानंतर पेराखाली कापलेली चार इंची फांदी दिवसभर सावलीत सुकवून वाळूमिश्रित मातीत लावावी. एक फांदी शेजारीही द्यावी. आपले रोप गेल्यास तेथूनच परत मिळते. आम्हांस तसेच मिळाले.