भिंती काढल्याने संवाद वाढतो का?

कार्यालयातील भिंती हटवल्या की सहकारी आपोआप जवळ येतात, या गृहीतकावर जर्मनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस श्नेले बंधूंनी कामाची जागा आखण्याची एक नवी पद्धत मांडली; तीत स्वतंत्र खोल्यांऐवजी, माणसे आणि कागदपत्रे यांची ये-जा पाहून टेबलांचे गट मांडले जात. आजची लवचीक रचना, म्हणजे कोणाचीही जागा कायम न ठेवता कामाच्या स्वरूपानुसार ती निवडू देणारी व्यवस्था, हा त्याच विचाराचा विस्तार म्हणता येईल.

अंतराचे महत्त्व निर्विवाद आहे: टेबले जितकी दूर, तितके बोलणे झपाट्याने कमी होते, हे थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या अभ्यासातून दाखवले. परंतु जवळीक आणि उघडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमकी येथेच गफलत होते. ईथन बर्नस्टीन व स्टीफन टर्बन यांनी अमेरिकेतील दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत कर्मचाऱ्यांच्या अंगावर संवेदक, म्हणजे भेटीगाठी नोंदवणारी उपकरणे लावून केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की खुल्या मांडणीनंतर समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल वाढले. सर्वांच्या नजरेखाली व कानावर पडेल असे बोलण्यापेक्षा माणसे लिहिणे पसंत करतात, हे त्याचे एक संभाव्य कारण.

रोज जागा बदलणाऱ्या व्यवस्थेत तर सहकारी शोधण्यातच वेळ जातो. म्हणून प्रत्येक गटाला ठरावीक परिसर आणि जवळच दार लावता येईल अशी खोली देणारी रचनाच अधिक समंजस ठरते.