क्रोम गटारात, पैसाही गटारात

कातडे कमावण्याच्या नेहमीच्या पद्धतीत सुमारे एक-तृतीयांश क्रोम कातड्यात मुरतच नाही, पाण्याबरोबर वाहून जाते. दाम मोजून घेतलेला माल गटारात, वर प्रदूषणाचा ठपका! तामिळनाडूत पालार नदी अशीच नासली. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील पाच जिल्ह्यांतील टॅनऱ्यांना प्रत्येकी 10 हजार रुपये दंड केला.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने (स्थापना 1948) यावर बिनपाण्याचे क्रोम टॅनिंग शोधले आहे. एरवी कातडे आधी मीठ व तेजाबाच्या पाण्यात घालून मग क्रोम देतात. नव्या रीतीत ही पायरीच गाळली आहे. ढोलात पाणी न ओतता दिलेले क्रोम जास्त मुरते. संस्थेच्या सांगण्यानुसार क्रोम 15 ते 20 टक्के कमी लागते.

हे झाले टॅनरीवाल्यांचे. आमच्या द्वारका भागात तयार चामडे आणून चपला, पट्टे, पाकिटे शिवणाऱ्यांचा यात काय संबंध? संबंध गिऱ्हाइकाचा आहे. परदेशी खरेदीदार आज चामडे कोठे व कसे कमावले, हे आधी विचारतो. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याची ऑर्डर दुसरीकडे जाते. म्हणून आम्ही कारागीर बांधवांना सुचवतो : घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलताना टॅनरीचे नाव व कमावण्याची पद्धत विचारा, आणि बिलावर लिहून घ्या.