न झाडलेली गोळी

विस्कॉन्सिनमध्ये मुलाकडे गेलो होतो. नोव्हेंबरातली गोठवणारी पहाट. शेजारचे आजोबा आठ वर्षांच्या नातीला घेऊन हरणाच्या शिकारीला निघाले. दोघांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटे. आपल्याकडे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. तिथे २०१७ पासून किमान वयाची अटही नाही. फक्त जाणत्या माणसाने हात पोचेल इतक्या अंतरावर राहायचे. मी चरकलो.

संध्याकाळी दोघे रिकाम्या हातांनी परतले. "हरीण दिसलं," नात म्हणाली, "पण त्याच्यामागे घर होतं. मी गोळी झाडलीच नाही." आजोबा कौतुकाने हसले.

हरणाची हळहळ मला आजही वाटते. पण बँकेत नको त्या कागदावर सही न करण्याचे धैर्य मला चाळिशीत आले, हेही खरे!