घोंगडें आणि काळी मेंढी

दख्खनच्या पठारावर पाऊस बेताचा व चारा खरखरीत. अशा मुलखांत टिकून राहिलेल्या दख्खनी जातीच्या काळ्या मेंढीच्या लोंकरीपासून आपलें घोंगडें तयार होतें. त्याचे गुण शेतकरी बंधूंस सांगणें नलगे. पावसांत खोळ, थंडींत पांघरूण व खळ्यावर अंथरूण, अशीं तिन्ही कामें तें करतें. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनहि हातास ओली लागत नाहीं, व ठिणगी पडली तरी सहसा भडकत नाहीं.

सध्यां शहरांतून हातमागाच्या लोंकरी मालास पुन्हां मागणी येऊं लागली असून त्याच सुताच्या बंड्या, पिशव्या व आसनें होऊं लागलीं आहेत. तथापि माग चालवावयाचा तर प्रथम लोंकर पाहिजे, आणि तीच नाहींशी होत चालली आहे.

कातरणी वर्षांतून दोन वेळां होते. कोंकराची पहिली लोंकर तें जावळ. त्याचें घोंगडें मऊ म्हणून अधिक मोलाचें. लोंकर निवडून व पिंजून तिचे पेळू करितात आणि धनगर स्त्रिया रहाटावर सूत काढितात. हें सूत केसाळ असल्यामुळें मागाच्या फणींत घासून तुटतें. म्हणून सनगर विणकर चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटतात व शिजवून खळ करितात. उभे धागे उघड्यावर ताणून त्यांस ती कुंच्यानें चोपडितात. त्यानें केस बसतात व धागा ताठ होतो. मग खड्ड्यांतील पावड्यांवर पाय ठेवून, धोटा हातानें फेंकीत विणकाम चालतें. नवें घोंगडें कडक लागतें तें या खळीमुळें. काळा रंग मेंढीचाच असल्यामुळें रंगाऱ्याची गरज नसते.

दख्खनी लोंकरीचा केस जाडीनें ५० मायक्रॉनच्या आसपास, तर मेरिनो मेंढीचा सुमारें २० मायक्रॉन असतो. बारीक कापडाच्या गिरण्यांस आपली लोंकर उपयोगी नाहीं. परंतु रहाट व खड्ड्याचा माग यांची घडणच तिला अनुसरून झालेली आहे.

आतां हिशेब पाहूं. मेंढीमागें वर्षाकांठीं सुमारें अर्धा किलो लोंकर निघते. २.५ किलोचें घोंगडें म्हणजे निदान ५ मेंढ्यांची सबंध वर्षाची लोंकर. कातरणीची मजुरी मात्र लोंकरीच्या किंमतीहून जास्त पडते, म्हणून कित्येक ठिकाणीं ती रानांतच टाकून देतात. उलट मटणास भाव चांगला. त्यामुळें मेंढपाळ जत तालुक्यांतील मडग्याळ जातीकडे वळतात. ती मेंढी अंगानें मोठी, पण विणण्याजोगी लोंकर तिच्या अंगावर नसते. यांत मेंढपाळास दोष देतां येत नाहीं. प्रस्तुत लेखकानें महसुली नोकरींत कोरडवाहू गांवें पुष्कळ पाहिलीं. मागाचे खड्डे बुजवून तेथें सरपण रचलेलें अनेक घरीं आढळलें.

हा हिशेब बदलणें कांहीं अंशीं आपल्या हातीं आहे. खतासाठीं मेंढ्या आपल्याच शेतांत बसतात. त्या वेळीं पुढील गोष्टी कराव्या:

(१) कातरणीपूर्वीं मेंढ्या धुण्यास विहिरीचें पाणी द्यावें. लोंकर स्वच्छ निघते.

(२) काळी व पांढरी लोंकर निरनिराळी ठेववून गांवांतील ५-१० घरांनीं मिळून ती रोखीनें घ्यावी.

(३) ती लोंकर व बांधावरच्या चिंचेचे चिंचोके देऊन, कातणारीस व विणकरास मजुरी ठरवून घोंगडीं करवून घ्यावीं.

कळपांतून लोंकरीची मेंढी एकदां गेली कीं, माग शाबूत असूनहि घोंगडें व्हावयाचें नाहीं. तरी येत्या कातरणीपूर्वींच ज्यानें त्यानें आपल्या गांवीं येणाऱ्या मेंढपाळाशीं बोलणें करून ठेवावें, अशी विनंति आहे.