घरी जोडलेला संगणक थंड कसा ठेवावा?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. जीएसटीची बिले, उधारीचा हिशेब, साडीच्या काठाचे डिझाइन, सारे त्यावरच चालते. पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधव सुटे भाग आणून तो घरीच जोडतात. मात्र प्रोसेसर थंड ठेवण्याची तजवीज कोणती करावी, हा निर्णय बहुधा दुकानदारावर सोडला जातो आणि नको तेथे पैसा जातो.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला हवेचा. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसतो, तांब्याच्या नळ्या उष्णता पात्यांपर्यंत नेतात आणि पंखा ती उडवून लावतो. दुसरा पाण्याचा. त्यात छोटा पंप द्रव फिरवतो आणि तो द्रव रेडिएटरमध्ये थंड होतो. पण हा रेडिएटरही अखेर पंख्याच्या हवेनेच थंड होतो. म्हणून खोलीच्या तापमानाखाली प्रोसेसरला कोणताही कूलर नेऊ शकत नाही. 25 अंशांच्या खोलीत 65 अंशांवर चालणारा प्रोसेसर 40 अंशांच्या खोलीत तेच काम करताना साधारण 80 वर जाईल. मर्यादा गाठली की तो आपला वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढली तर संगणक बंद पडतो.

गिऱ्हाईक माप सांगते, तेवढेच कापड आपण फाडतो. येथे माप वॅटचे. 2022 साली आलेला इंटेलचा कोअर आय-5 12400 मुळात 65 वॅटचा, जोर लावल्यास 117 वॅटपर्यंत जाणारा. बिले व हिशेबासाठी खोक्यात मिळणारा पंखा त्याला पुरतो. तासन्‌तास डिझाइनचे काम असेल तर उभा टॉवर कूलर घ्यावा. 2023 चा कोअर आय-9 14900के 253 वॅटपर्यंत जातो आणि त्याच्यासोबत पंखा मिळत नाही. तेथे मोठ्या रेडिएटरचा खर्च समजण्यासारखा आहे, एरवी नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू कापसाचा तंतू. तो पात्यांच्या तोंडावर नमद्यासारखा बसतो आणि हवा अडवतो. हे दोन्ही प्रकारांत घडते. परंतु टॉवर कूलरचा पंखा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. बंद पाण्याच्या कूलरचा पंप गेला तर बहुधा सारा संच बदलावा लागतो, आणि ऐन हंगामात काम खोळंबते. त्यातील द्रवही वर्षानुवर्षे नळ्यांतून थोडाथोडा कमी होत जातो.

खरेदीपूर्वी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते पाहावे. नॉक्टुआचा एनएच-डी15 हा मोठा कूलर 165 मिलिमीटर उंच आहे. बसवताना खालची प्लास्टिकची पट्टी काढावी आणि थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावावी. कूलर काढला तर पेस्ट नवी लावावी. कॅबिनेटच्या पुढे धुता येणारी जाळी असावी. कॅबिनेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये. कारखान्याला लागून खोली असेल तर महिन्यातून एकदा, वीज काढून, ब्लोअरने साफ करावे. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

पाण्याच्या कूलरचे वाचलेले पैसे यूपीएसला आणि डिझाइनची दुसरी प्रत ठेवायच्या डिस्कला लावावेत. वीज गेल्यावर तेच कामी येतात.