ट्रॅक्टरावरील जादा दिवे व वितळतार

कापसाची वेचणी सुरू झाली की जालना जिल्ह्यातील रस्त्यांवर रात्रीअपरात्री ट्रॅक्टरांची वर्दळ वाढते. अंबड-घनसावंगीच्या कालव्याखालून उसाच्या ट्रॉल्या निघतात, भोकरदन-जाफराबादेकडून कापसाच्या. या वाहनांवर हल्ली मूळच्या दिव्यांखेरीज छतावर चार दिवे, मोठा भोंगा, गाणी वाजविण्याचे यंत्र असा सरंजाम सर्रास आढळतो. ट्रॉलीमागे तांबडा दिवा तर असावाच. त्याच्या अभावी पाठीमागून धडकून किती जीव जातात, हे सांगावयास नको. आमचा आक्षेप दिव्यांस नाही, ते जोडण्याच्या रीतीस आहे.

महसुली नोकरीत असता जळिताचे पंचनामे लिहिण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार येई. एके वर्षी कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच पेटली व मालकाची हंगामाची कमाई डोळ्यांदेखत गेली. बॅटरीपासून मागील दिव्यापर्यंत नेलेली तार हुकाजवळ पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती, आणि तिच्या वाटेत कोठेही वितळतार, म्हणजे फ्यूज, नव्हता. कारणाच्या रकान्यात आम्ही 'शॉर्टसर्किट' एवढा एकच शब्द लिहिला. वस्तुतः ते निमित्त होते. फ्यूज नसणे हे कारण होते.

ट्रॅक्टराची बॅटरी १२ व्होल्टांची. तिचा झटका बसत नाही, सबब ती निरुपद्रवी, असा समज आहे. परंतु तार तापते ती प्रवाहामुळे. स्टार्टरास शेकडो अँपिअर पुरविणारी बॅटरी, उघडी तार लोखंडास टेकताच, तसाच प्रवाह त्या बारीक तारेतून लोटते. तार लाल होते, तिच्यावरील आवरण पेटते. कापसास याहून अधिक काय हवे?

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असे पुष्कळांस वाटते. तो तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवी. पाटाचे दार पाटाच्या मुखाशी असते. पाट मध्येच फुटला तरी तेथे पाणी अडविता येते. तेच दार शेताच्या बांधाशी बसविले तर मधल्या फुटीस काय उपयोग? फ्यूज दिव्याजवळ बसविणाऱ्यांची गत तशीच होते.

प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. दिव्यावरील वॅटांस १२ ने भागावे. ५५ वॅटांचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, अर्थात सुमारे ९ अँपिअर. त्यांस अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व १५ अँपिअरचा फ्यूज योग्य. चार दिवे असल्यास दोन-दोनांच्या जोड्या करून प्रत्येकीस निराळी तार व निराळा फ्यूज द्यावा. पात्याच्या फ्यूजांत तांबडा १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा व हिरवा ३० चा असतो. निळा वारंवार उडतो म्हणून तेथे हिरवा बसविणे, किंवा विहिरीवरील मोटारीच्या किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळण्याची आपली जुनी खोड येथेही चालविणे, म्हणजे राखणदारास बांधून ठेवून चोरास वाट मोकळी करणे होय. फ्यूज उडाला तर तार कोठे घासते ते आधी शोधावे.

एवढा प्रवाह लहान बटनातून नेऊ नये, ते वितळते. मध्ये रिले बसवावा. त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकास फ्यूजमधून आलेली तार, ८७ ला दिव्यांची, आणि ८५ व ८६ पैकी एकास बटनाची तार व दुसऱ्यास ऋण जोड द्यावा. मूळच्या दिव्यांच्या तारा सोलून त्यांतच फाटे काढण्याची मिस्त्रीलोकांची आवड मात्र मोडून काढावयास हवी.

कामास आरंभ करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे. नाही तर धन टोकावरील पाना पत्र्यास टेकून ठिणगी पडते. पत्र्यातील छिद्रातून तार नेताना रबराची कडी घालावी. ट्रॉलीकडील तार हुकाजवळ वळणास पुरेल इतकी सैल, पण जमिनीस न लागेल अशी बांधावी. सर्व जोडून झाल्यावर ऋण टोक शेवटी लावावे, दिवे अर्धा तास चालू ठेवावे आणि तार व फ्यूजची पेटी हाताने चाचपून पाहावी. किंचित कोमट लागल्यास हरकत नाही. चटका बसल्यास जोड ढिला किंवा तार बारीक आहे असे समजून दिवे तत्काळ बंद करावे व बॅटरीचे टोक पुन्हा सोडावे.